माठाखालचा ब्लॉक

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून क्षमेबिमेची अपेक्षा करायला नको. आमच्या घरात राग सगळ्यांनाच यायचा, पण दुसऱ्या दिवशीच्या चहाबरोबर तो संपायचा. माझा संपत नसे. शाळेत जिनं माझी कंपासपेटी मोडली ती आज कुठल्या गावात कुठल्या हुद्द्यावर आहे, हे मला ठाऊक आहे. विचारलं तर आत्ताही सांगीन.

डॉक्टर लोक पॅथॉलॉजीकडे का वळले याची छान छान कारणं देतात. कोणाला संशोधनाची ओढ असते, कोणाला शांत काम हवं असतं. मी पॅथॉलॉजी घेतली ती अकोल्यातल्या एका माणसाच्या एका वाक्यासाठी. ते वाक्य त्याला परत गिळायला लावायचं होतं, आणि ते मायक्रोस्कोपशिवाय जमणार नव्हतं.

माझी मोठी बहीण अंजनगाव सुर्जीला दिलेली होती. सासरी अडतीचं दुकान, घरात नवरा, सासू आणि ताईची लहान मुलगी. मुलीनं अंगावरचं दूध सोडून थोडेच महिने झाले होते, तेव्हा ताईला डावीकडे काहीतरी वेगळं लागायला लागलं. गाठ म्हणावी अशी गाठ नव्हती. कणीक एका बाजूनं घट्ट मळली गेली तर बोटांना लागेल, तसा तेवढाच भाग घट्ट. ती अकोल्याला, जठारपेठेत आईकडे आली. तिथल्या सर्जननं छोटा तुकडा काढला आणि तपासणीला पाठवला.

तो तुकडा ज्यांच्याकडे गेला ते त्या वेळी अकोल्यातले सगळ्यात मोठे पॅथॉलॉजिस्ट. मी त्यांना इथे सर म्हणते, कारण पुढे तोंडावरही सरच म्हणावं लागलं. सरांनी रिपोर्ट दिला, जुनाट सूज. रिपोर्ट आणायला आई स्वतः गेली होती. मग आता काय करू, असं तिनं काउंटरवर विचारलं तेव्हा सर योगायोगानं तिथेच उभे होते. काही करायचं नाही, दूध साकळलंय, शेक द्या, असं ते म्हणाले आणि आत गेले.

आईनं शेक दिला. आईनं दिलेला शेक म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. परसात एरंड होता. त्याचं कोवळं पान तेलाचं बोट फिरवून तव्यावर मऊ करायचं, आधी आपल्या गालाला लावून बघायचं, मग बांधायचं. वरून फडक्यात बांधलेल्या गरम मिठाचा शेक. ताईला बरं वाटायचं. मी तेव्हा नागपूरला एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते. फोनवर ताई हसून सांगायची की आई तिला रोज पापडासारखी भाजते.

काही महिन्यांनी तिथली कातडी आत ओढली गेली. नागपूरला नेलं, स्तन काढावा लागला, आणि तिथला रिपोर्ट आला तो कॅन्सरचा. लोब्युलर नावाचा प्रकार. तोपर्यंत तो हाडांत पोचला होता.

मग आई, ताईचा नवरा आणि सासू अकोल्याला सरांकडे गेले. तुम्ही तर सूज म्हणाला होता, एवढंच त्यांना विचारायचं होतं. बाहेरचा हॉल पेशंटांनी भरलेला. सरांनी त्यांना बसाही म्हटलं नाही. उभ्या उभ्याच, हातातलं पेन आईकडे रोखून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "तेव्हा नव्हताच. या बाईंनी शेकून शेकून तो पसरवला."

हेच ते वाक्य. मला ते भाऊजींनी सांगितलं. आईनं ते कधीही उच्चारलं नाही.

ताई गेली. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, ते माझं मला पुरे आहे. वाक्याचं पुढे काय झालं ते मात्र लिहिते. तेराव्यानंतर काही दिवसांनी आई नातीला बघायला अंजनगावला गेली. पोरीला खोकला झाला होता. आईनं सवयीनं ओव्याची पुरचुंडी गरम केली आणि तिच्या छातीला लावायला गेली, तर सासूनं पोरीला हाताला धरून ओढून घेतलं. तुमचा शेक आमच्या घरात नको, म्हणाली. आई त्याच दिवशी परत आली आणि पुन्हा अंजनगावला गेली नाही. परसातला एरंड तिनं मुळासकट उपटला. तो तवा भंगारवाल्याला दिला. त्यानंतर घरात कोणाचं पोट दुखो, पाठ धरो, आईच्या हातून गरम पाण्याची पिशवीसुद्धा आली नाही. मी एकदा तापानं फणफणले होते, तर तिनं शेजारणीला बोलावून माझे तळपाय शेकवले आणि स्वतः ओट्याशी पाठ करून उभी राहिली.

मी शिकले, एमडी झाले, अमरावतीला माझी लॅब टाकली. या सगळ्या काळात मला त्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक हवा होता. तुकडा तपासायचा म्हणजे तो मेणात बसवून त्याचे पापुद्रे काढतात, आणि उरलेला ब्लॉक वर्षानुवर्षं टिकतो. सरांच्या लॅबमध्ये मी ओळखीनं चौकशी केली. ब्लॉक नातेवाईक घेऊन गेले, असं उत्तर मिळालं. भाऊजींना विचारलं, त्यांना आठवत नव्हतं. आईला विचारलं, तर ती भाजीला फोडणी द्यायला उठून गेली. मी समजले, हरवला. नागपूरला नेला असेल आणि तिकडेच राहिला असेल.

मागच्या उन्हाळ्यात मी नवा माठ घेऊन अकोल्याला गेले. दर चैत्रात आई जुना माठ काढते, खालची वाळू धुऊन घेते आणि नवा बसवते. तिची कंबर आता वाकत नाही, म्हणून मी खाली बसले आणि वाळू उपसायला हात घातला. आई ओरडली नाही, पण तिचा आवाज असा आला की मी थांबले. वाळूला हात लावू नको, म्हणाली. तोवर माझ्या बोटांना काहीतरी लागलं होतं. वॅसलिनची एक जुनी प्लॅस्टिकची डबी. आत पिवळट झालेला मेणाचा ब्लॉक, कडेला मेणातच बुडवलेली कागदाची चिठ्ठी, तिच्यावर पेन्सिलीनं आकडा.

नागपूरला दाखवायला म्हणून आईनंच तो आणला होता आणि तिकडे त्याची गरज पडली नव्हती. देताना काउंटरवरच्या माणसानं सांगितलं होतं, उन्हात ठेवू नका, मेण आहे, वितळेल. ब्लॉकचं मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं. अकोल्याच्या मे महिन्यातसुद्धा घरात ते व्हायचं नाही. पण आईनं घरातली सगळ्यात गार जागा शोधली आणि प्रत्येक उन्हाळ्यात, वाळू ओली ठेवत, तो सांभाळला. सांभाळला आणि माझ्यापासून लपवला.

मी विचारलं, का दिला नाहीस.

"त्यात मी केलेलं दिसन," ती म्हणाली. "तुकडा काढाच्या आदीच मी पान बांदलं होतं. आठ-धा दिवस. डॉक्टरले नाई सांगतलं मी."

मला तोवर वाटत होतं, हिशेब सोपा आहे. तुकडा आधीचा, शेक नंतरचा, त्यामुळे तुकड्यात कॅन्सर दिसला की आई सुटली. आता तो हिशेब कोसळला. शेक तुकड्याच्याही आधी सुरू झाला होता, आणि आईला वाटत होतं की त्या मेणात तिचा गुन्हा बंद करून ठेवलाय. माणूस आपल्याविरुद्धचा पुरावा जाळून टाकतो. आमच्या आईनं तो गार वाळूत जपून ठेवला होता.

मी डबी घेऊन अमरावतीला आले. पहिला पापुद्रा नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवला. बघितला आणि मला सरांची चूक कळली. ती चूक कोणाच्याही हातून झाली असती, हे मी लिहून देते. चांगल्या ऊतीत दुधाच्या नळ्यांच्या पेशी कणसातल्या दाण्यांसारख्या एकमेकींना गच्च धरून बसतात. त्यांना धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, ई-कॅडहेरिन. लोब्युलर कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा तेच नाहीसं होतं. मग पेशी सुट्या होतात, गाठ बांधत नाहीत, एकीमागे एक अशा चरबीतून चालत सुटतात. लहान, गरीब दिसणाऱ्या पेशी. सुजेत ज्या पेशी जमतात, त्या तशाच लहान असतात. घाईत बघणाऱ्याला सूज वाटणारच. चूक मी माफ केली असती. मला हवं होतं ते वाक्य.

ई-कॅडहेरिन शोधायचं औषध, आम्ही त्याला स्टेन म्हणतो, बर्फाच्या डब्यातून पार्सलनं येतं, छोटीशी बाटली. पण मेणात इतकी वर्षं राहिलेलं प्रथिन असंच सापडत नाही. आधी काचपट्ट्या एका द्रावणात बुडवून प्रेशर कुकरमध्ये उकळाव्या लागतात, तेव्हा ते उघडं पडतं. माझ्या लॅबमध्ये त्यासाठी साधा घरगुती कुकर आहे. शिट्टी झाली तेव्हा माझ्या मनात आलं की शेवटी आईसाठी मलाही शेकच द्यावा लागला.

रंग चढला आणि मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. चांगल्या नळ्यांमध्ये प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ, म्हणजे ई-कॅडहेरिन, रांगोळीसारखी स्वच्छ. आणि त्या नळ्यांच्या मधून, चरबीत, कुठेही तपकिरी नसलेले निळे ठिपके, एकामागे एक. याचा अर्थ मला पहिल्या क्षणाला कळला आणि मी खुर्चीत मागे टेकून मोठ्यानं हसले. चांगल्या नळ्या आणि रोगी पेशी एकाच तुकड्यात होत्या. दोघींना तेच एरंडाचं पान, तीच ऊब मिळाली होती. उबेनं काही बिघडत असतं तर चांगल्या नळ्यांच्या रेघाही विस्कटल्या असत्या. त्या जशाच्या तशा होत्या. ई-कॅडहेरिन पेशीच्या आतल्या, जनुकाच्या बिघाडानं जातं, ते एरंडाच्या पानाआधी कितीतरी दिवस गेलेलं होतं. आई सुटली होती.

मी तिला अमरावतीला घेऊन आले, स्टुलावर बसवलं आणि दाखवलं. ती खूप वेळ बघत होती. तपकिरी कोणतं, निळं कोणतं, तिनं नीट समजून घेतलं. दोन्हीले तोच शेक, हे तिनं माझ्या आधीच म्हटलं. मला वाटलं, झालं. तिनं डोळा काढला आणि पदरानं पुसला.

"तू माही पोरगी आहेस," ती म्हणाली. "तू असंच सांगशीन. ज्यानं म्हटलं त्याच्या तोंडून येऊ दे."

तर हे असं होतं. माझी डिग्री, माझा कुकर, माझं ई-कॅडहेरिन, सगळं एका बाजूला, आणि तिच्या डोक्यात बसलेला तो आवाज दुसऱ्या बाजूला. मला राग आला, आणि मग लक्षात आलं की तिला आणि मला एकच गोष्ट हवी आहे.

अमरावती आणि अकोल्याच्या आम्हा पॅथॉलॉजिस्टांची अधूनमधून बैठक असते, मूर्तिजापूरजवळच्या एका हॉटेलात. तिथे एक रीत आहे. अवघड केस पडद्यावर दाखवायची, पेशंटबद्दल अवाक्षर सांगायचं नाही, आणि सगळ्यात ज्येष्ठ माणसानं पहिल्यांदा मत द्यायचं. तो बोलला की बाकीचे माना डोलावतात. सर आता थकलेत, लॅब मुलगा बघतो, पण पहिली खुर्ची अजून त्यांचीच. मी माझी केस द्यायची म्हणून नाव दिलं. तीन चित्रं घेतली. एक गुलाबी-जांभळं, एक ई-कॅडहेरिनचं, आणि तिसरं ब्लॉकचा फोटो, चिठ्ठीवरच्या आकड्यासकट. त्यांच्या लॅबचे आकडे आमच्याकडे सगळे ओळखतात, सातला मधून आडवी रेघ मारायची त्यांची सवय होती.

पहिलं चित्र लागलं. सरांनी चष्मा सारखा केला आणि दोन सेकंदांत म्हणाले, लोब्युलर. कबूल करते, छान बोलले. ही रांग बघा, म्हणाले, ही गाठ बांधणार नाही, ही चालत राहणार. मी दुसरं चित्र लावलं. त्यांनी तपकिरी नळ्या आणि निळे ठिपके दाखवून नव्या पोरांना नीट समजावलं. मग मी आवाज साधा ठेवून सांगितलं की या तुकड्याचा पहिला रिपोर्ट सूज असा गेला होता. हॉलमध्ये थोडं हसू पसरलं. सर मागे वळून म्हणाले, "याला सूज म्हणणाऱ्यानं आपली पाटी उतरवून घ्यावी."

माझं बोट तिसऱ्या चित्राच्या बटनावर होतं. ते बटन दाबायची स्वप्नं मी वसतिगृहाच्या खाटेवर पडून पाहिली होती. मी दाबलं नाही, आणि त्यात मोठेपणा काही नव्हता. दाबलं असतं तर हॉल गप्प झाला असता, संध्याकाळपर्यंत सरांचं ब्लडप्रेशर वाढलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळे सफरचंदं घेऊन त्यांना भेटायला गेले असते. आईच्या पदरात काहीच पडलं नसतं. मी पडदा बंद केला.

जेवताना मी त्यांच्या शेजारची खुर्ची घेतली. ते गुलाबजाम खात होते. मी डबी उघडून ब्लॉक त्यांच्या वाटीजवळ ठेवला. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग ब्लॉक उचलला, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. सातवरची रेघ त्यांना दिसली तो क्षण मी पाहिला. त्यांनी चमचा खाली ठेवला.

कोणाचा, असं त्यांनी विचारलं. माझ्या बहिणीचा, मी म्हटलं, आणि हॉलमध्ये जिच्याकडे पेन रोखलं होतं ती माझी आई. त्यांना आठवलं. नाकारायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, एवढं त्यांच्या बाजूनं लिहिते. मग म्हणाले, "तेव्हा आपल्याकडे हा स्टेन नव्हता, बेटा."

"स्टेन नव्हता, सर," मी म्हटलं. "जीभ होती."

काय पाहिजे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, वाक्य परत घ्या. ते म्हणाले, जठारपेठेत येतो, आईंना भेटतो. मी तिथूनच आईला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या दिवशी मले एकटीले सांगतलं होतं का? तेव्हा तर अंजनगावचे लोक समोर होते. मी तेच सरांना सांगितलं. अंजनगावला यावं लागेल. त्यांनी उन्हाचं, वयाचं, गुडघ्यांचं कारण काढलं. मी म्हटलं, पुढच्या बैठकीला तिसरं चित्र आहे. ही धमकी होती का? होती. मला तिची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

वैशाखातल्या एका रविवारी मी त्यांना अकोल्याहून गाडीत घेतलं. ते पुढे बसले, आई मागे. अंजनगावात भाऊजींनी दुकान बंद ठेवलं होतं. सासू आता फार थकली आहे, पण तीही पलंगावरून उठून खुर्चीत येऊन बसली. भाची दारात उभी होती. ती अमरावतीला कॉलेजात शिकते, माझ्याकडे येते, पण जठारपेठेत माझ्या आईकडे तिला कधी पाठवलं नव्हतं. आई दाराजवळच्या सतरंजीवर बसली, खुर्ची दिली तरी घेतली नाही.

सरांना पाणी दिलं. ते प्यायले आणि उभे राहिले. मी बसा म्हटलं नाही. ते म्हणाले की या बाईंच्या शेकानं काही झालं नाही. रोग त्या तुकड्यात होता, पानाच्याही आधीचा होता, शेकानं तो येतही नाही आणि पसरतही नाही. मला तो दिसला नाही, असं म्हणाले. शेक द्या असं मीच सांगितलं होतं, हेही म्हणाले. ते मी त्यांना सांगायला लावलं नव्हतं, ते त्यांनी आपणहून सांगितलं.

सासूनं विचारलं, मग तेव्हा तसं कशाला म्हटलं? सर जमिनीकडे बघत म्हणाले की हॉल भरलेला होता, आपलं नाव जाईल असं वाटलं.

माझ्या मनात या जागी गोष्ट संपत असे. इतकी वर्षं मी ती इथपर्यंतच आणायची आणि थांबायची. आई सुटली, तो माणूस वाकला, पडदा. पण आई सतरंजीवरून बोलली.

"तुमाले तवा दिसला असता, त माही पोरगी वाचली असती का?"

हा प्रश्न मी आईच्या आसपास कधी फिरकू दिला नव्हता. आपण मारलं, या ओझ्याखाली तिला तो कधी सुचलाच नव्हता, आणि ते ओझं मीच काढायला निघाले होते. तसं नक्की सांगता येत नाही आई, सर म्हणाले, हा आजार असा असतो की.

"तवा तुमी नक्की सांगतलं होतं," आई म्हणाली. "आताई नक्की सांगा."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणून मी त्यांना वाचवू शकत होते. अशा वेळी आम्ही एकमेकांना वाचवतोच, शक्यता, टप्पे, प्रतिसाद असे शब्द पुढे करतो. मी त्यातला एकही शब्द पुढे केला नाही.

"हो," ते म्हणाले. "वाचली असती."

भाची दारातच खाली बसली. सासूनं तोंडाला पदर लावला. आई रडली नाही. तिनं पिशवीतून वॅसलिनची डबी काढली. बैठकीनंतर मी ती तिला परत दिली होती आणि तिनं ती पुन्हा वाळूत ठेवली असणार, कारण झाकणाच्या खाचेत वाळूचे कण होते. ती हातानं जमिनीचा आधार घेत उठली, सरांसमोर गेली आणि डबी त्यांच्या पुढे धरली.

"घ्या. इतके साल म्या सांभाळला. आता तुमी सांभाळा. उन्हात नोका ठेवू, मेन आहे, इतयन."

त्यांनी हात मागे घेतला. आईनं हात तसाच पुढे ठेवला. म्हातारा माणूस, म्हातारी बाई, आणि कोणी मध्ये पडलं नाही. शेवटी त्यांनी डबी घेतली. मी आयुष्यभर डूख धरला, पण असा सूड मला सुचला नसता.

आई त्या दिवशी परत आली नाही. भाचीनं तिची पिशवी आत नेऊन ठेवली आणि सासूनं स्वयंपाकघरातून विचारलं की भाकरी खाता का पोळी. मी आणि सर दोघंच निघालो. पानमळे मागे पडले, अकोटच्या रस्त्याला लागलो. दुपार कलली होती आणि ऊन समोरच्या काचेतून सरळ त्यांच्या मांडीवर येत होतं. मांडीवर डबी होती. त्यांनी आधी रुमाल टाकला. मग रुमालावर एक हात ठेवला, मग दुसरा. मेण किती अंशांना वितळतं हे माझ्याइतकंच त्यांनाही ठाऊक आहे. तरी अकोला येईपर्यंत त्यांनी ते हात तसेच सावलीला धरून ठेवले. मी एसी लावला नाही.